आमच्याकडे दिसत नाही

भिंगाची मूठ... लाकडी, टोकाशी झिजलेली, फोटोच्या डाव्या कोपऱ्यात अर्धीच आलेली. खरं तर फोटो कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा होता — फोनने काढलेला, तिरका, काढताना हात हललेला, मधोमध छतावरच्या दिव्याचा पांढरा डाग पडलेला — पण तिची नजर त्या मुठीवरून हलत नव्हती. आल्या आल्या तिने तो फोटो उघडला होता आणि आता शेजारच्या कॉफीवर साय धरली होती. भिंग घेऊन कुणी कामाला बसतं का? बसतं. आपण बसवलं की बसतं.

मूठ काउंटरवरच्या बाईंची. त्या एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीशी बसतात, तपासणीसाठी आलेल्या माणसांना तारखा देतात, आणि त्या तारखा ज्या वेब ॲप्लिकेशनमध्ये भरतात ते या ऑफिसात तयार झालेलं. तयार करणारे वेगळे आणि त्यात खोट काढणारी ही वेगळी. गेली एकवीस वर्षं ती खोट काढण्याचंच काम करत आली होती, आणि नव्या लोकांना शिकवून शिकवून तिचं नावच मास्तरीण पडलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती गेली आणि तेव्हापासून बाईंच्या खिडकीवरच्या काही तारखा भलतीकडे जाऊन बसायला लागल्या. आठ जूनला बोलावलेला माणूस उपाशीपोटी येऊन उभा, आणि यादीत त्याचं नाव सहा ऑगस्टला. असे अकरा जण. अकराही एकाच खिडकीवरचे. मग काय, सगळ्यांची बोटं एकाच दिशेला.

मदत कक्षाने नेमाप्रमाणे पहिली आज्ञा सोडली: ब्राउझरमधली सगळी प्लगिन काढून टाका. प्लगिन म्हणजे ब्राउझरला वरून लावलेली ठिगळं. कुणाचं जाहिराती अडवतं, कुणाचं पासवर्ड लक्षात ठेवतं, आणि दहातल्या आठ बिघाडांचं मूळ तिथंच निघतं, हे काही खोटं नाही. बाईंच्या ब्राउझरला एकच ठिगळ होतं, अक्षरं मोठी करणारं आणि पानाचा उजेड मंद करणारं. त्यांचे डोळे अधू आहेत. त्यांनी ते मुकाट्याने काढलं. बिघाड होता तिथंच राहिला, आणि ‘आता परत लावा’ हे सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तीन आठवडे... तीन आठवडे ती बाई मुंगीएवढ्या अक्षरांवर भिंग फिरवत माणसांना तारखा देते आहे, आणि ‘सर्वप्रथम प्लगिन काढा’ असं ज्या सूचनापत्रात लिहिलंय त्याच्या खाली सही कुणाची, तर मास्तरणीची.

आणि आज आणखी एक सही हवी होती.

टीम लीडला पाठीमागे सगळे होईलराव म्हणत. वरून कुणी काहीही मागितलं की हे आधी ‘होईल’ म्हणत, आणि ते कसं होणार हे विचारायला मग खालच्यांकडे येत. आज चार वाजता रुग्णालयात बैठक होती. बाईंना खिडकीवर ठेवायचं की काढायचं हे तिथं ठरणार होतं, आणि त्यासाठी तीनच्या आत कंपनीचं पत्र पाहिजे होतं. होईलरावांनी ‘होईल’ म्हणून टाकलेलं होतं. पत्र तयारच होतं, तीन ओळींचं: प्रणाली तपासली, दोष आढळला नाही, नोंद भरताना वापरकर्त्याकडून चूक होत असावी. खाली रेघ, रेघेखाली तिचं पद.

“एका सहीचं तर काम आहे, मॅडम,” ते म्हणाले होते.

“सही एकच असते, म्हणून तर जपून करायची.”

ते हसले होते. त्यांना वाटलं, मॅडम थट्टा करतायत. मग टेबलाच्या कडेला टेकून त्यांनी आपलं म्हणणं मांडलं, अगदी समंजसपणे, लहान मुलाला पटवावं तसं: गेल्या आठवड्यात एकही तारीख चुकलेली नाही, म्हणजे तक्रार झाल्यावर बाई आता नीट टाइप करायला लागल्या, उघड आहे. शिवाय डोळ्यांचं कारण आहेच... डोळ्यांचं कारण. नव्या आवृत्तीत तारखेच्या चौकटीखाली तीच तारीख अक्षरांत उमटते, चूक झाली तर लगेच कळावी म्हणून. बाईंनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की माझ्या पानावर ती ओळ येत नाही. ते पत्र इथं मोठ्याने वाचलं गेलं होतं आणि कुणीतरी म्हणालं होतं, येत असेल हो, दिसत नसेल. तीन-चार जण हसले होते. ती हसली नव्हती. पण तिने कुणाला थांबवलंही नव्हतं, आणि आता तिला वाटत होतं की त्या दोन गोष्टींत फारसा फरक नाही.

फोटो त्यावरचं उत्तर होतं. भिंग धरून बघितलं, तारखेखाली कोरं आहे, तुम्हीच बघा. आणि इथल्यांनी बघितलं आणि ठरवलं की फोटो हललेला आहे.

नाही करणार सही. हे तिने कुणाला सांगितलं नाही. मनात म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. पण नुसतं ‘नाही’ म्हणून कुणाचं भलं होत नाही. नाही म्हणायला हातात काहीतरी लागतं, आणि तिच्या हातात काय होतं? काही नव्हतं. बाईंच्या नावाने ती ॲप्लिकेशनमध्ये शिरली. उजवीकडे डेव्हलपर टूल्सचं पॅनेल उघडं — ते उघडल्याशिवाय तिला पान पानासारखं वाटतच नसे. पानावरची प्रत्येक चौकट कशी बांधली, कुठल्या क्षणी काय मागवलं गेलं, सर्व्हरने काय उत्तर दिलं, सगळं त्या पॅनेलमध्ये ओळीने येत राही आणि ती ते घड्याळाच्या दुकानातल्या माणसासारखी मान वाकवून बघत राही. तिने नऊ जुलै भरला. खाली ओळ उमटली: नऊ जुलै. जतन केलं. यादीत नऊ जुलै. बाईंच्याकडचं तेच अक्षरं मोठी करणारं प्लगिन शोधून आपल्या ब्राउझरला लावलं, परत भरलं. नऊ जुलै. काढलं, परत भरलं. ब्राउझरची जुनी आवृत्ती आणून बसवली, खिडकीचा आकार बाईंच्या स्क्रीनएवढा केला, नेट मुद्दाम मंद केलं. वीस वेळा नऊ जुलै, आणि वीसही वेळा तो शहाणा मुलगा नऊ जुलैच. तिला त्याचा राग यायला लागला.

मग एक काम तिने केलं जे कधी केलं नव्हतं. जुन्या, बंद केलेल्या तक्रारी उघडल्या. नवी आवृत्ती गेली की पुढच्या आठवड्याभरात अशा दोन-चार येतच असत: कुणाचं बटण गायब, कुणाला कालचीच यादी आज दिसते, कुणाचा आकडा उलटा. ॲप्लिकेशन सुरू झाल्यापासूनच्या सहा वर्षांत एक्केचाळीस. आणि प्रत्येकीच्या शेवटी तोच शेरा, तीच तीन शब्दांची झाकणी — ‘आमच्याकडे दिसत नाही’. बंद. एकोणीस शेऱ्यांपुढे तिची आद्याक्षरं. ती खाली खाली जात राहिली. एका म्हाताऱ्या फार्मासिस्टने लिहिलं होतं, ‘तुमच्याकडे दिसत नसेल तर माझ्याकडे या, चहा पाजतो आणि दाखवतो.’ त्याच्यावर तिने लिहिलं होतं, ‘आमच्याकडे दिसत नाही. बंद.’ चहाबद्दल आभारसुद्धा मानले नव्हते.

साडेअकराला तिने बाईंना फोन लावला. मदत कक्षाला न विचारता थेट ग्राहकाला फोन करायचा नसतो, हा नियम. असू दे. पलीकडे रांगेचा गलका होता, कुणीतरी खोकत होतं, आणि बाई एकाच वेळी तिच्याशी आणि खिडकीतल्या माणसाशी बोलत होत्या, दोघांशी सारख्याच शांतपणे. सूचनापत्रातलं सगळं केलं का? केलं, टिकमार्क करत करत केलं. ब्राउझरचा साठा साफ केला? तोही, दोनदा. बाकीच्या खिडक्यांवर असं होत नाही? नाही, पण त्यांचे कॉम्प्युटर यंदा बदलले, आपला आपणच बदलू दिला नाही, कारण त्यात अक्षरं मोठी करायची सोय लावलेली होती... ही सोय, बाई अगदी सहज म्हणाल्या, तुम्ही काढायला लावली ती. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

“तुम्ही इथं येऊन बसलात ना, तरी तुम्हाला दिसायचं नाही,” बाई म्हणाल्या. “आमचा आयटीचा माणूस दोनदा येऊन गेला. शेजारी बसतो, तुमच्या त्या कागदाप्रमाणे उजव्या बाजूला काहीतरी उघडतो, की सगळं सुतासारखं सरळ. खाली ओळसुद्धा येते. तो ते बंद करून उठला की परत पहिले पाढे. तो म्हणतो, मावशी, तुमच्या हाताचाच गुण.”

तिने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

“मॅडम, मला खिडकी देऊ नका, मागच्या खोलीत बसवा, काय करायचं ते करा. पण मी चुकत नाही एवढं लिहा. बाकीचं माझं मी बघेन.”

फोन ठेवला गेला तरी ती रिसीव्हर कानाला लावून बसली होती. तो ते बंद करून उठला की परत... कुठं ऐकलं होतं हे? शब्द नव्हे, शब्द वेगळे होते. पण हाच सूर, हीच न रागावता सांगण्याची तऱ्हा, सांगून झाल्यावरचा हाच थकवा — ताई. ताईच्या स्वयंपाकघरात, नऊ वर्षांपूर्वी, कपाटाचं दार उघडं धरून उभी असलेली ताई. ‘ते माझ्याशी बोलत नाहीत गं.’ म्हणजे काय, बोलत नाहीत? म्हणजे बोलत नाहीत. एक शब्द नाही. महिना-महिना नाही. विचारलं तर उत्तर नाही, जेवायला वाढलं तर जेवतात, दिवा मालवतात, झोपतात. आणि भाऊजी तर तिच्या माहितीतले सगळ्यात बोलके गृहस्थ. फोन केला की ‘काय मेव्हणीबाई’ म्हणून सुरू, लग्नकार्यात त्यांच्याभोवती कोंडाळं, ताईच्या हाताच्या चवीचं कौतुक चारचौघांत करणारे. तिने तरी काय करावं? ती चार दिवस राहायला गेली. मुद्दाम, तपासायला म्हणून. हो, तपासायलाच, तिचा धंदाच तो. चार दिवस तिने कान उघडे ठेवले, आणि चार दिवस भाऊजी ताईशी बोलत होते. आज भाजी काय, तुझी चप्पल कुठं ठेवलीस, अगं ऐकलंस का. हसून, खेळून. निघताना दाराशी तिने ताईचा हात धरला आणि सांगितलं, अगदी मायेने सांगितलं, की ताई, मी चार दिवस होते की गं, चांगले बोलतात ते, तुझ्याच मनाचे खेळ असतील, जरा बाहेर पड, माणसांत मिसळ.

ताई म्हणाली होती, ‘तू होतीस म्हणून.’

आणि ती हसली होती. असलं कसलं कारण, म्हणून हसली होती. आणि ताईने पुन्हा कधी विषय काढला नाही. नऊ वर्षं. गुडघा, डोळ्यांतले थेंब, हवा, मुलाच्या नोकरीचं गाव, सगळं बोलते, ते नाही. बंद. आमच्याकडे दिसत नाही.

तू होतीस म्हणून.

तिचा हात आपोआप माउसवर गेला. समोर पान, उजवीकडे पॅनेल. त्या पॅनेलच्या कोपऱ्यातली छोटी फुली. सहा वर्षांत हे पान तिने पॅनेल बंद ठेवून पाहिलं होतं का, एकदा तरी? ... नाही. कशाला पाहील? आंधळ्यासारखं नुसतं पान कोण बघतं? जे वापरतात ते. फक्त तेच. तिने फुली दाबली. पॅनेल मिटलं, पान पसरून स्क्रीनभर झालं, मोठं आणि अनोळखी. तिने ते नव्याने उघडलं. नऊ जुलै भरला.

चौकटीखाली कोरं.

तिने जतन केलं आणि यादी उघडली. सात सप्टेंबर.

काखेत कळसा. तिच्याच टेबलावर, तिच्याच यंत्रात, तिच्या नाकाखाली तो दोष बसून होता आणि ती पॅनेल उघडून आत आली की शहाण्यासारखा हात बांधून उभा राहत होता. मग तिला उलगडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. नेट गेलं तरी खिडकीवरचं काम अडू नये म्हणून ॲप्लिकेशन आपली एक प्रत ब्राउझरच्या पोटात जपून ठेवतं; साठा साफ करताना ज्या कप्प्याला हात लागत नाही अशा कप्प्यात. नवी आवृत्ती आली तरी ती जुनी प्रत हटलीच नव्हती, म्हणून तर चौकटीखालची नवी ओळ येत नव्हती. जुन्या रिवाजाने ती महिना आधी पाठवत होती आणि नव्या रिवाजाचा सर्व्हर तोच आकडा दिवस म्हणून वाचत होता. बारा तारखेपर्यंत हे खपून जाई. तेराव्यापासून मात्र तेरावा महिनाच नसल्यामुळे सर्व्हर निमूट सरळ करून घेई, आणि म्हणून गेल्या आठवड्यात चूक नव्हती. बाई सुधारल्या नव्हत्या; तारखा तेराच्या पुढे गेल्या होत्या, एवढंच.

आणि इथल्या कुणालाच हे का दिसलं नाही? तिने मान वर केली. समोरच्या खांबावर, प्रत्येक टेबलाच्या कडेला, आणि आता कळलं तसं रुग्णालयाच्या आयटीवाल्याच्या खिशातसुद्धा, प्लास्टिक चढवलेला तिचा कागद होता: ‘तपासणीला बसण्याआधी’. मुद्दा तिसरा — पॅनेलमधल्या अमुक चौकटीत खूण करा, म्हणजे पॅनेल उघडं असेपर्यंत जपलेली जुनी प्रत बाजूला राहील आणि सगळं ताजंच येईल. किती हौसेने लिहिला होता तिने तो मुद्दा. वेळ वाचतो म्हणून. सगळ्यांनी पाठ केला होता. सगळ्यांनी सहा वर्षं ताजं, स्वच्छ, नुकतंच आलेलं पान पाहिलं होतं आणि बाहेरच्या माणसांना सांगितलं होतं की तुमच्या पानात खोट नाही, खोट तुमच्यात आहे.

लाज वाटली. कान तापेपर्यंत वाटली. पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते तिला आवडत होतं.

होईलराव दीड वाजता आले. तिने पॅनेल बंद ठेवून त्यांना सात सप्टेंबर दाखवला. ते म्हणाले, थांबा, पॅनेल उघडा बघू, कशामुळे होतंय कळेल. तिने उघडलं. नऊ जुलै. “गेलं की,” ते म्हणाले, खरोखरच्या समाधानाने. तिने बंद केलं. सात सप्टेंबर. असं तीनदा झालं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरलं. माणूस मूर्ख नव्हता. खांबावरच्या कागदाकडे त्यांची नजर गेली आणि तिथंच थोडा वेळ राहिली. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला.

“नवी प्रत आज संध्याकाळीच सगळीकडे ढकलू. उद्यापासून हे कुणालाच दिसणार नाही.”

“आणि पत्र?”

“पत्र आहे तसं जाऊ दे. उद्या दोषच उरणार नाही, मग पत्रात खोटं काय राहिलं?” मग त्यांनी पुढचं मांडलं, आणि तेही धमकी म्हणून नाही, काळजीने मांडलं. झाकली मूठ राहू दे, मॅडम. एक उघडलं की एक्केचाळीस उघडतील, आणि मग तिसरा मुद्दा कुणाचा, शेरे कुणाचे, सगळं निघेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुमची. “पहिलं नाव तुमचं येईल.”

“येऊ दे,” ती म्हणाली. “माझंच आहे ते.”

त्यांनी सुस्कारा सोडला, मी काही ऐकलं नाही अशा अर्थाने दोन्ही हात वर केले आणि ते निघून गेले. होईलराव पहिल्यांदाच ‘होईल’ न म्हणता गेले, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला एकटीलाच हसू फुटलं.

उद्यापासून दिसणार नाही. हीच तर चलाखी. दोष जाईल आणि ठपका राहील. बाई मागच्या खोलीत फायली लावत बसतील आणि खिडकीवरचं पान त्यांच्या पश्चात अगदी निर्दोष चालेल. आणि कुणी पान उघडून बघितलं तर म्हणेल, बघा, चालतंय की. त्या गेल्या आणि चालायला लागलं. याहून पक्का पुरावा कुठला? नाही. ज्या दिवशी खोट होती त्या दिवशी ती होती, असं कागदावर यायला पाहिजे, आणि ज्याने नाकारलं त्याच्याच हाताने यायला पाहिजे.

तिने पत्र लिहिलं. तीन ओळींचं नव्हे, सव्वा पानाचं. दोष आमच्या प्रणालीत आहे. खिडकीवरच्या बाईंनी भरलेली प्रत्येक तारीख बरोबर होती. तारखेखाली ओळ येत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी कळवलं होतं आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांना दोष दिला. तपासणीची पद्धत मी लिहिली, ती चुकीची होती. कुणालाही खात्री करायची असेल तर पॅनेल बंद ठेवून पान उघडा. सही. पद नाही, नाव. वरून कुणाची परवानगी न घेता तिने ते रुग्णालयाला पाठवलं; तीनला दहा मिनिटं होती. बाईंना वेगळी दोन वाक्यं: अक्षरं मोठी करायची सोय परत लावा. बैठकीची वाट न बघता आत्ता लावा.

मग पेन घेऊन ती खांबाशी गेली आणि तिसऱ्या मुद्द्यावर काट मारली. प्लास्टिकवर शाई धरेना. बोट लागलं की पुसली जाई. तिने पर्समधली किल्ली काढली आणि टोकाने खरवडलं, प्लास्टिक फाटून खालचा कागद निघेपर्यंत. तीन-चार माना वळल्या. बघू देत. आज मास्तरणीला भर ऑफिसात बघायचंच असेल तर हेही बघा.

चार वाजले. सव्वाचार. पत्राला उत्तर नाही. होईलराव काचेच्या खोलीत कुणाशी तरी फोनवर बोलत होते आणि बोलता बोलता तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. काय व्हायचं ते होवो. ती जिन्यात आली, दोन मजल्यांमधल्या त्या सपाट जागेत, जिथं फोनवर बोलायला सगळेच येतात, आणि ताईला फोन लावला. बुधवारी ती ताईला फोन करत नसे. रविवारी करायची, अकरा वाजता, वीस मिनिटं.

ताईने उचलला. आज कसा काय, बरी आहेस ना, आवाज बसलाय का तुझा? बरी आहे. गुडघा? आहे तसाच, डॉक्टर म्हणाला चाल, चालते. नेहमीच्याच पायऱ्यांवरून दोघी उतरत होत्या, एक एक, सवयीने, आणि तिला वाटलं की अशीच वीस मिनिटं संपतील.

“ताई, तू मला एकदा म्हणाली होतीस, ‘तू होतीस म्हणून.’ आठवतं?”

पलीकडून आवाज आला, पण ताईचा नव्हे. थोडा लांबून, गोल, भरदार, मायेचा.

“कोण, मेव्हणीबाई का? अगं, दे ना इकडे. दोन शब्द मीही बोलतो.”

नऊ वर्षं प्रत्येक रविवारी तिने हा आवाज ऐकला होता आणि मनात म्हटलं होतं, बोलतात की.

“देऊ नकोस,” ती घाईने म्हणाली. “फोन बंदही करू नकोस. ‘ठेवते’ म्हण आणि तसाच टेबलावर उपडा ठेव. मी नाहीये, ताई. मी आहे असं समजूच नकोस.”

ताईचा श्वास ऐकू येत होता. साठीच्या माणसाचा, थोडा आवाज करणारा. त्या श्वासात ताईने काय काय तपासून पाहिलं असेल — आता कशाला, इतक्या वर्षांनी कशाला, आणि हिने परत नाही म्हटलं तर...

“बरं, ठेवते मग,” ताई मोठ्याने म्हणाली. “कामात आहे ती. नंतर बोलेन म्हणाली.”

टेबलावर फोन टेकल्याचा आवाज. मग खुर्ची सरकली. नळ सुटला, बंद झाला. जिन्यातून कुणीतरी वर येत होतं, तिने भिंतीकडे तोंड केलं आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.

“चहा टाकू?” ताईने विचारलं.

वर्तमानपत्राचं पान उलटलं. एवढंच. माणूस तिथंच होता, चार पावलांवर. आत्ता, अर्ध्या मिनिटापूर्वी बोललेला माणूस.

“चहा टाकू का?”

पान उलटलं. सावकाश, घडी मोडू न देता.

तिच्या हातातल्या फोनने थरथरून खूण दिली, कुणाचं तरी पत्र आलं होतं, रुग्णालयाचंच असणार, किंवा वरच्यांचं. तिने बघितलं नाही. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. तिच्या आत काहीतरी ताठ होऊन उभं राहिलं होतं आणि ते आता बसणार नव्हतं, ना ऑफिसात, ना रविवारी अकरा वाजता. भांडं वाजलं, गॅस पेटल्याचा आवाज आला. मग ताईने तिसऱ्यांदा विचारलं, पहिल्या दोन वेळांहून स्पष्ट, एक एक शब्द सुटा करून, “मी म्हटलं, चहा टाकू का?” — आणि तो प्रश्न भाऊजींना नव्हता. तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला आणि ऐकत राहिली.